ओ घेतल्याबिगर जायचं न्हाई

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान एखादी हद्द तरी ओलांडलेली असावी. आम्ही ओलांडली नाही. नगरहून निघालो, नगर जिल्ह्यातच फिरलो आणि नगरला परत आलो. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, आणि अजून शाळेत असते तर मीही मुलांकडून तेच घोकून घेतलं असतं. पण निवृत्त बाईच्या जिभेला नवं काही शिकवणं अवघड, तेव्हा मी नगर म्हणणार, समजून घ्या. सगळी नोकरी मी या जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढला आणि त्यातली अर्धी गावं कधी पाहिली नाहीत. माझ्यासारखं ज्यांचं जवळचंच बघायचं राहून गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बरोबर होती अनू, माझ्या भावाची मुलगी. पाळण्यातलं नाव अनुग्रहा. आई लहानपणीच गेली, भाऊ रेल्वेत, सारख्या बदल्या, म्हणून पोर माझ्याकडेच वाढली. मी लग्न केलं नाही आणि त्याचं कुणी फार वाईट वाटून घेऊ नये, कारण मला लेक मिळालीच. तर या लेकीला पदवीनंतर शिकायचं होतं सिक्युरिटी स्टडीज. म्हणजे देशाची आणि माणसांची सुरक्षितता कशात असते, ती कशानं जाते, कोणी राखायची, याचा अभ्यास. दोन ठिकाणी तिची निवड झाली. एक पुण्याला. तिथं सीमा, युद्धं, करार, समुद्र, शस्त्रं असं सगळं भारदस्त, आणि शनिवारी एसटीत बसली की जेवायला घरी. दुसरं नॉर्वेतल्या एका लहानशा गावात, जिथं हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो म्हणे. तिथं शिकवणार होते की साधी माणसं रोज कशाला भितात आणि आपापली सोय कशी लावतात. शिष्यवृत्तीही मिळालेली, म्हणजे मला पैशाचं कारणसुद्धा पुढं करता येईना!

सोमवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं. "तुझं तू ठरव, मी कोण सांगणारी?" असं मी तोंडानं म्हणत होते. आणि प्रार्थनेला बसले की म्हणायचे, देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, पण तुझी इच्छा पुण्याची असू दे.

फिरायची कल्पना तिचीच. नॉर्वेच्या मुलाखतीत एका बाईंनी तिला विचारलं होतं, "तुमच्या भागातली माणसं कशाला घाबरतात?" आमच्या विदुषीनं सीमेपलीकडच्या दहशतवादावर सुरेख भाषण ठोकलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा भाग सीमेवर आहे का?" निवड झाली तरी ते हसणं अनूच्या मनात रुतून बसलं होतं. म्हणाली, "आत्या, दोन-तीन दिवस गाडी काढ. मला लोकांना तेवढं एकच विचारायचंय. मग ठरवते."

शेजाऱ्यांनी एकमुखानं सुचवलं, सिक्युरिटी शिकायची तर शिंगणापूरला जा, तिथं दारांना कड्याकुलपं नाहीत. अनू म्हणाली, तिथं सगळेच जातात. मग मीही हट्ट केला नाही.

राहुरीच्या अलीकडे

मनमाड रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते की मुख्य रस्त्यावर माझी जुनी लाल गाडी तग धरून राहिली आणि डावीकडे एका गावाच्या वाटेला वळल्यावर, जिथं खड्डा दिसतही नव्हता, तिथं पंक्चर झाली. मी स्टिअरिंगवर हात आपटून चार शब्द बोलले. चार शब्द काय होते ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना कळू नये.

पंक्चरवाला चाक घेऊन गेला आणि आम्ही समोरच्या घराच्या ओट्यावर टेकलो. घरधनीण सुमनबाई, चाळिशी उलटलेली, बोलायला मोकळी. पाणी दिलं, मग चहा ठेवला. तेवढ्यात धडाम्! माझ्या हातातला पेला कपाळाला लागला. डोंगरापलीकडं लष्कराची गोळाबाराच्या सरावाची जागा आहे, तिथली तोफ. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सुमनबाईंनी मान वर करून आढ्याकडं पाहिलं, उठल्या, फळीवरच्या ताटांच्या मधेमधे एकेक फडकं सरकवलं आणि पुन्हा चहापाशी येऊन बसल्या.

"आज फायर हाय," त्या म्हणाल्या. आज बाजार आहे म्हणावं तशा.

अनूचे डोळे चमकले. हे तर सिक्युरिटीच! "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची, तोफंची? छ्या! तोफ सांगून येती की. आदल्या दिशी कळवत्यात, लाल झेंडा लागतो, शेरडं तिकडं न्यायची न्हाईत, झालं. माझी सासू तर फायर नसलं की म्हनायची, आज कसं सुनं सुनं वाटतंय."

"मग भीती कशाची वाटते?"

सुमनबाईंनी चहा गाळला. गाळणी झटकली.

"लेकीच्या फोनची," त्या म्हणाल्या. "सांजच्याला आला तर काय न्हाई. भाजी काय केली, पोरगं काय म्हनतंय, आसलं बोलती. दुपारच्याला आला की हातातलं टाकून पळते. सासू निजल्यावर करती नव्हं. तवा कायतरी आसतं."

पुन्हा तोफ झाली, तेव्हा मी पेला खाली ठेवलेला होता. अनूनं विचारलं, "मग तुम्ही काय करता?" सुमनबाई म्हणाल्या, "काय करनार? आईकते. तिचं बोलून झालं की म्हनते, तुझं दार उघडंच हाय हितं. मग ती म्हनती, माहीतंय." एवढं सांगून त्या भाकऱ्या थापायला उठल्या.

निघताना त्यांनी खर्ड्याबरोबर दोन भाकरी बांधून दिल्या. आमच्याकडं अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारतात, मग पाणी. इथं भाकरी हातात आली तरी आडनाव विचारलेलं नव्हतं. गाडीत अनूनं भाकरीचा एक तुकडा मोडला. मग म्हणाली, "आत्या, पुण्याच्या अभ्यासक्रमात तोफ आहे. दुपारचा फोन नाही." मी म्हटलं, "नॉर्वेत तरी कुठं असणार आहे?" आणि गिअर जरा जोरातच टाकला.

शिर्डी

शिर्डीत मी परदेशी ठरले. हार घ्यायला थांबलो तर फुलवाली तेलुगूत बोलू लागली. मी म्हटलं, "अहो, मी नगरची." ती दिलखुलास हसली. "बाई, दिसभर त्येच बोलून तोंडाला तीच सवय लागलीय बगा." खाणावळीत भाकरी मागितली तर पोऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं इडली खाल्ली. इडली चांगली होती, हे रागातही कबूल करते. दर्शनाच्या रांगेत अनू गेली आणि मी बाहेर चपला राखत बसले. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चपला हरवल्याचं मला आठवत नाही, पण आमच्याकडं माणसंच किती येतात!

खरी गंमत झाली मुक्कामाच्या लॉजवर. फाटकावर निळ्या गणवेशातली एक बाई बसलेली, शिट्टी गळ्यात, पायाशी जेवणाचा डबा. अनूनं तिला आपला नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधी प्रस्तावना केली, "मी सिक्युरिटीत जातेय, दोन ठिकाणी निवड झालीय, कुठं जावं ते कळत नाहीये."

बाईनं तिला खालपासून वर पाहिलं. "उंची हाय बरी. बस. दोन्ही जागा सांग."

"एक पुण्याला, एक फार लांब आहे."

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. तोच बाई म्हणाल्या, "लांबचं सोड. जवळचं घे." मी तोंड मिटलं.

"पगार कमी आसंल तरी जवळचं घे पोरी," त्या पुढं म्हणाल्या. "लांबच्या ड्युटीला ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कोन येतं? आनि डे मागून घे. नाईट घेऊ नको." मी मनापासून मान डोलावत होते. घरून निघाल्यापासून भेटलेलं हे पहिलं शहाणं माणूस! अनूनं माझ्याकडं तिरक्या नजरेनं पाहिलं, पण तिनंही बाईंची चूक सुधारली नाही. उलट जवळ मांडी घालून बसली. भीती कशाची वाटते विचारल्यावर बाई म्हणाल्या, चोराची नाही. मोठ्या गाडीतला माणूस आत सोडला नाही तर मालक रागावतो, आणि सोडला तर मालकीण. "फाटक कुनासाठी उघडायचं ह्येच कळत न्हाई कवाकवा. त्याचं भ्या वाटतं."

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "बघ, काय समजूतदार बाई." अनू म्हणाली, "आत्या, नॉर्वेतही दिवसा ड्युटी मागून घेईन. फक्त दिवस कधी उजाडतो ते विचारावं लागेल." आणि उशीत तोंड खुपसून हसत सुटली. मलाही हसू आलं, काय करता!

पुणतांबा

शनिवारी दुपारी आम्ही पुणतांब्याला पोचलो. तिथं माझी जुनी विद्यार्थिनी विमल राहते. नगरला वसतिगृहात राहून शिकली, माझ्या हातचा मारही खाल्ला, आणि तरी दर नाताळला मला फोन करते. आता गावात तिचं शिवणाचं दुकान आहे आणि घर शिवारात, उसाच्या मधोमध. दुकान बंद करून ती आमच्या गाडीत बसली. आधी गोदावरीवर नेलं. उन्हाळा नुकता लागलेला, पात्र रुंद आणि पाणी एका कडेला. घाटावर बायका धुणं धूत होत्या आणि एक म्हातारा आपल्या म्हशीशी भांडत होता, आणि भांडणात म्हैस जिंकत होती. वारं गार. मी पायऱ्यांवर पाय सोडून बसले आणि मनात आलं, पुण्याहून ही पोर दर शनिवारी आली तर आम्ही दोघी असंच कुठंकुठं फिरू.

विमलच्या घराची वाट उसातून जाते. त्या दिवशी उसाला पाणी सोडलेलं, वाटेवर चिखल, म्हणून गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस आणि मधे बैलगाडीपुरती फट. मी पाऊल टाकलं तशी विमलनं माझं मनगट धरलं. "थांबा बाई. आधी ओ घेऊ."

आणि तोंडाशी हात नेऊन तिनं अशी हाक घातली की मी दचकलेच. "चाचाऽऽ! निघाले वोऽऽ! पाव्हनं हायेत संगंऽऽ!"

उत्तर नाही. आम्ही उभ्या. डास आमची विचारपूस करत होते. मी म्हटलं, "चल की गं." विमल हलेना. "ओ आल्याबिगर न्हाई निघायचं. चाचा नमाजला बसले आसतील." थोड्या वेळानं उसातून एका बाईचा आवाज आला, "ओऽऽ! जा गं विमल, जाऽऽ!" ती रस्त्याजवळच्या वस्तीवरच्या शेखचाचांची सून. मग आम्ही चाललो. अर्ध्या वाटेवर विमलनं पुन्हा हाक घातली, मधल्या वस्तीवरून पुन्हा ओ आली, तेव्हा पुढं. घरी पोचल्यावर विमलनं मागं तोंड करून ओरडून सांगितलं, "पोचलेऽऽ!"

हे बिबट्यामुळं. ऊस आहे तिथं तो आहेच, आणि ऊस तुटायला लागला की त्याचीही पळापळ होते. गेल्या साली मधल्या वस्तीवरचं वासरू नेलं. तेव्हापासून या वाटेनं सांजसकाळ जाणारं प्रत्येक माणूस जवळच्या वस्तीला हाक घालतं. वस्तीनं ओ दिली म्हणजे कुणीतरी दारात उभं राहिलं, कान देऊन आहे. ओ नाही आली तर माणूस आहे तिथंच थांबतं. मी शाळेत हजेरी घेताना पोरं "ओ" म्हणायची त्याचा मला राग यायचा, "हजर म्हणा" म्हणून दटावायचे. त्यांच्या घरी ओ कशी लागते ते आता कळलं.

विमलच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. सत्तरीच्या, हातात कायम सूप नाहीतर विळी. त्यांनी हुलग्याची शेंगोळी करायला घेतली होती आणि घरभर लसणाचा वास सुटला होता. मी हातपाय धुऊन बसले आणि लक्षात आलं, रक्तदाबाच्या गोळ्या गाडीतच राहिल्या.

"मी आणते," अनू उठली. दिवस बुडत होता पण उजेड होता. विमलचे हात पिठात. माई म्हणाल्या, "ओ घेतल्याबिगर जायचं न्हाई हां." अनू "हो हो" म्हणाली आणि गेली.

मी माईंशी बोलत बसले, तोवर अंधारून आलं. बोलता बोलता माई थांबल्या. मान एका बाजूला कलती केली.

"बाई, तुमची पोर मुकीच गेली का?"

मला अर्थच कळेना. तेवढ्यात मधल्या वस्तीवरून पुरुषाचा आवाज आला, "माईऽऽ, कोन गेलं वोऽऽ? बॅटरी दिसली, हाक न्हाईऽऽ!" विमलनं चुलीवरचं भांडं उतरवलं. माई सूप खाली टाकून अंगणात गेल्या. मीही धावले. ऊस नुसता उभा, पानसुद्धा हलत नव्हतं. आयुष्यभर वर्गावर ओरडलेला आवाज सगळा गोळा करून मी हाक मारली, "अनूऽऽ!"

"ओऽऽ!" मधल्या वस्तीवरून.

"ओऽऽ!" चाचांकडून.

"ओऽऽ!" कुठून तरी कालव्याच्या बाजूनं, तिथं घर आहे हेही मला माहीत नव्हतं.

"अहो तुम्ही नाही!" मी किंचाळले. "अनू! माझी अनू!" पण त्यांची रीतच ती. ज्याच्या कानावर हाक पडली त्यानं ओ द्यायची. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा चहूकडून ओ आल्या, आणि त्यात माझ्या पोरीची ओळखू येईना. त्या वेळी मला काय झालं ते सांगता येत नाही. मी "गप्प बसा, सगळे गप्प बसा" असं ओरडत होते. मग खरंच सगळं गप्प झालं. आणि लांबून, लाजल्यासारखी, एक बारीक ओ आली. "ओ... आत्याऽ, ओऽ."

पाठोपाठ पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. चाचांची हाक आली, "ताईऽऽ, पोरगी हितं हायऽऽ! आनून सोडतोऽऽ!"

शेखचाचा तिला घेऊन आले, पांढरी दाढी, हातात डबा आणि काठी. झालं होतं असं, की बाईसाहेबांना मोठ्यानं ओरडायची लाज वाटली. म्हणून निघताना तिनं मला मोबाईलवर आपलं लोकेशन पाठवलं. माझा मोबाईल आत चार्जिंगला, आवाज बंद! सिक्युरिटीची पदवी घ्यायला निघालेली मुलगी!

मी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. अक्कल, शिक्षण, संस्कार, काही सोडलं नाही. ती गोळ्यांचं पाकीट हातात धरून उभी. मग माझ्याच तोंडून हुंदका फुटला आणि मी अंगणातल्या बाजेवर बसले. रडायचं थांबेना. माईंनी पाठीवर हात फिरवला, विमलनं पाणी आणलं. अनू खाली बसून माझ्या गुडघ्यांना धरून होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आत्या, मी पुण्याचंच घेते. ठरलं. रडू नकोस."

झालं! माझी प्रार्थना शब्दाला शब्द मान्य झाली. मला किती आनंद व्हायला हवा होता. पण तिचा चेहरा मी ओळखते. लहानपणी ताप आलेला असताना, मला शाळेत जाता यावं म्हणून "बरं वाटतंय" म्हणायची, तेव्हाचा चेहरा.

चाचांना माईंनी जेवायला थांबवून घेतलं. शेंगोळी आली, वर कच्चं तेल, शेजारी कांदा. आमच्याकडं शनिवारी असं काही नसतं, आमचा सगळा जोर रविवारच्या मटणावर. मी जेवत होते आणि अनूकडं बघत होते. तिचं ताट तसंच. ती चाचांना विचारत होती, हे कोणी सुरू केलं, कोणी चुकलं तर काय करता, रात्रपाळीच्या माणसाचं काय.

माई म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वक्ताला लांडगं हुतं. तवाबी व्हती ओ. मदी बंद पडली हुती, आता ह्या बिबट्या वाघानं चालू केली पुन्यांदा."

"आनि ह्यांचं नि मधल्या वस्तीचं बोलनं बंद हाय," चाचा हसत म्हणाले. "बांधावरनं. तीन वरसं झाली. लग्नाचं बोलावनंसुदीक न्हाई."

अनूनं घास खाली ठेवला. "बोलणं बंद आहे? पण आत्ताच त्यांनी ओ दिली!"

"मंग?" माईंना प्रश्नच कळला नाही. "भांडन बांधाचं हाय. मानसाला वाटंवर उभं करून ठेवायचं व्हय? बोलनं बंद हाय, ओ बंद न्हाई."

अनू त्यांच्याकडं बघतच राहिली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. पस्तीस वर्षं मी वर्गात हेच शोधत आले, एखाद्या पोराला आपला विषय सापडतो तो क्षण. फार थोड्या वेळा दिसला. आणि आज तो माझ्याच पोरीच्या तोंडावर दिसत होता आणि मी शेंगोळीत मान घालून बसले होते. पुण्याला तिला तोफा शिकवतील, चांगल्या शिकवतील, ती पहिलीही येईल. पण हे विचारायला शिकवणारे तिकडं होते, त्या अंधाऱ्या गावात, ज्यांनी तिला हसून विचारलं होतं की तुमची माणसं कशाला घाबरतात. मला हे कळत होतं. ती म्हणाली होती "ठरलं", आणि मी एका शब्दानं नको म्हटलं नव्हतं. वाईट होते मी त्या संध्याकाळी, पण भ्यालेलीही होते.

निघताना

रविवारी सकाळी चर्चची उपासना चुकली. माईंनी कण्या आणि ताक दिलं, विमलनं अनूला स्वतः शिवलेला कुडता दिला, मला खणाची पिशवी. धुकं नव्हतं, ऊन कोवळं. मी चपलेचा पट्टा लावत ओट्यावर बसले होते. अनू पिशव्या घेऊन पुढं झाली, "मी गाडी पुसून ठेवते, तू सावकाश ये." तोंड हसरं, पण कालपासून नॉर्वेचं नाव नाही. गाडीत बसल्यावर पुण्याच्या सरांना फोन करायचा असं ती सकाळीच म्हणाली होती.

अंगण संपतं तिथं ती थांबली. पिशव्या खाली ठेवल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोट आत घेऊन हाक घातली.

"माईऽऽ! निघाले वोऽऽ!"

काय आवाज लागला पोरीचा! मी इतक्या वर्षांत तो ऐकला नव्हता.

माईंनी ओ दिली नाही. माझ्या खांद्याला कोपरानं ढोसलं. "द्या की, बाई. तुमची पोर हाय."

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. काल सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडणारी मी. अनू पाठमोरी, वाटेच्या तोंडाशी उभी होती. हालत नव्हती. तिला रीत आता पक्की कळली होती, ओ आल्याशिवाय ती पाऊल टाकणार नव्हती. मी नाही दिली तर ती तशीच उभी राहिली असती, माझ्यासाठी, तक्रार न करता, दर शनिवारी एसटीनं येत, जन्मभर. माझी लेक ती. मला माहीत आहे.

"बाई," विमल हळूच म्हणाली, "ती थांबलीय."

मी उठून उभी राहिले. एका पायात चप्पल.

"ओऽऽ!" मी ओरडले. "जा! नॉर्वेला जाऽऽ!"

अनू गर्रकन वळली. "काय?"

"ऐकलंस ते! पुन्हा नाही सांगणार! जाऽऽ!" मी रडत होते, पण आवाज खणखणीत होता.

मधल्या वस्तीवर कुणाला नॉर्वे ठाऊक असणार! पण हाक कानावर पडली होती. उसाच्या वरून आवाज आला, "ओऽऽ! जा गं पोरी, जाऽऽ!" आणि त्याच्याही पलीकडून, रस्त्याच्या बाजूनं, चाचांचा, "ओऽऽ! चल बेटी, चलऽऽ!"

अनूनं बाहीनं डोळे पुसले, पिशव्या उचलल्या आणि चालायला लागली.